अजिंठा चौफुलीकडचं भंगार दुकान: वायपर मोटर आणली आणि खताचा पंप बनवला

दुकानाला पाटी नाहीये. जळगावात अजिंठा चौफुलीकडं जी गॅरेजं आहेत त्यात पत्र्याचं शेड आणि बाहेर जुन्या रेडिएटरची थप्पी दिसली की तेच. तीनदा गेलो, पाहिजे ते जवळपास सगळं मिळालं म्हणून लिहितोय.

मला पेरिस्टाल्टिक पंप बनवायचा होता, डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्त फिरवायला असतो ना तोच प्रकार, रोलर गोल फिरत मऊ नळी दाबत जातात आणि आतलं पाणी पुढं सरकतं. केळीच्या ड्रिपच्या हौदात खत थोडं थोडं सोडायला आधी फवारणी पंपातला छोटा पंप लावला होता, खताच्या क्षारानं त्याचे व्हॉल्व्ह दोन महिन्यात चिकटले. पेरिस्टाल्टिकमध्ये व्हॉल्व्हच नाही, खत फक्त नळीला लागतं.

दुकानवाले काका अहिराणीतच बोलतात. "काय जोयजे भाऊ?" रोलर फिरवायला गाडीची वायपर मोटर पाहिजे म्हटल्यावर चार काढल्या आणि १२ व्होल्टची बॅटरी पुढं सरकवली, "चालू करीसन देखी ले, मंग पैसा दे." कुठली वायर स्लो, कुठली फास्ट, तेही त्यांनीच दाखवलं. एका मोटरचा गिअर आतून झिजलेला होता, शाफ्ट पकडला की कटकट वाजायचा, ती त्यांनी स्वतःच बाजूला टाकली. चांगली मोटर ३०० रुपयात, भंगारवाला एवढं चेक करून देतो हे मी तरी दुसरीकडं पाहिलं नाही.

बेअरिंग मात्र नीट बघून घ्या. रोलरसाठी ६०८ नंबरच्या तीन घेतल्या (आतून ८ मिमी, बाहेरून २२), सगळ्या एकाच डब्यात मिक्स असतात, घरी येऊन फिरवल्या तर एक खडखडत होती. बदलून दिली पण माझा ६० किलोमीटरचा फेरा झाला. तिथंच कानाजवळ धरून फिरवून बघा.

बॉडीला चार इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा वापरला, बेअरिंग बसवायची चकती लेथवाल्याकडून करून घेतली. नळी भंगारातली अजिबात घेऊ नका, आधी मी लेव्हल पाईप (गवंडी पाणी भरून लेव्हल बघतात तो पारदर्शक प्लास्टिकचा) लावून पाहिला, तो दाबला की चपटाच राहतो, परत फुगत नाही आणि न फुगता पाणी ओढणार कसं? शेवटी लॅबच्या सामानाच्या दुकानातून नवी सिलिकॉन नळी आणली, आतून ६ मिमी, जाडी २ मिमी. दाबल्यावर दोन जाडी मिळून ४ मिमी होते, म्हणून रोलर आणि पाईपमधलं अंतर साडेतीन ठेवलं. पहिल्या दिवशी पूर्ण ४ ठेवलं होतं तर पाणी मागं गळत होतं आणि फार कमी केलं तर मोटर तापते नळी पण लवकर फाटते. नळी आत जाते तिथं क्लँपनं घट्ट धरा नाहीतर रोलर तिला ओढत नेतात.

स्लो स्पीडवर मापानं मोजलं, मिनिटाला साधारण ३०० मिली. ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर चालतो त्यामुळे लोडशेडिंगची काळजी नाही, बंद केला की रोलर नळी दाबून उभा राहतो, खत आपोआप हौदात उतरत नाही. खत देऊन झालं की साधं पाणी फिरवतो, आणि आठवडाभर काम नसलं तर नळी काढून ठेवतो, नाहीतर दाबलेल्या जागी वळ पडतो.

दुकानाला पाचपैकी चार स्टार, एक कमी बेअरिंगच्या डब्यामुळं. मे महिन्यात दुपारी जाऊ नका, पत्र्याखाली उभं राहवत नाही, सकाळी लवकर गेलात तर काका निवांत दाखवतात.