सीएमटी किट: आठ महिने वापरून लिहितोय

दगडी (गायीच्या कासेचा आजार, इंग्रजीत मस्टायटिस) झाली की कास सुजते, धारेत गाठी येतात, गाय हात लावू देत नाही, हे कुणालाही कळतं. खरा घात करते ती सुप्त दगडी, दूध दिसायला एकदम स्वच्छ, कास मऊ, आणि आतून एक सड हळूहळू बाद होतोय, वर त्याच सडातले जंतू धार काढताना हाताने, फडक्याने, मशीनच्या कपातून बाकीच्या गायींना जातायत. म्हणून कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं किट घेतलं, दर पंधरा दिवसांनी आख्खा गोठा तपासतो.

किटमध्ये चार वाट्यांचं पॅडल आणि जांभळ्या औषधाची बाटली, बास. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्यायच्या, मग प्रत्येक सडाचं दूध आपापल्या वाटीत, पॅडल तिरकं करून जास्तीचं ओतलं की साधारण 2 मिली उरतं, तेवढंच औषध घालायचं आणि गोल गोल फिरवायचं. चांगल्या सडाचं दूध पातळच राहतं. बिघडलेल्याचं दाटतं, कारण जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी औषधाने फुटतात आणि त्यातला डीएनए चिकट होतो. आमच्या तांबडीच्या मागच्या डाव्या वाटीत तर अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा गोळा मधोमध जमला, बाकी तीन वाट्या साफ! कासेला हात लावून बघितलं, गरम नाही, काही नाही. 1957 पासूनची पद्धत आहे ही, अजून चालते ती उगाच नाही.

आता तक्रार. निकाल फिरवता फिरवता 10-20 सेकंदांतच बघायचा असतो, आणि व्याल्यावर पहिले काही दिवस किंवा गाय आटत आली असताना या टेस्टवर भरवसा ठेवायचा नसतो, हे माझ्या किटच्या पत्रकात कुठेच नव्हतं. नुकत्या व्यालेल्या गायीचे चारही सड पॉझिटिव्ह आले आणि मी रात्रभर जागा. आठवड्याने परत केली तर सगळं साफ. एवढी महत्त्वाची गोष्ट ठळक छापायला पाहिजे होती, एखाद्याने विनाकारण अँटिबायोटिक दिलं असतं.

आणि जंतू कोणता हे किट सांगत नाही, फक्त सड दाखवतं. त्यासाठी कल्चर, म्हणजे दुधातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं, करावंच लागतं, आणि सॅम्पल गायीला औषध सुरू करायच्या आधी घ्यायचं, सडाचं टोक स्पिरिटने पुसून, निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून. तांबडीचा स्टॅफ ऑरियस निघाला, म्हणजे गायीगायीत पसरणारा आणि औषधालाही लवकर दाद न देणारा. तेव्हापासून तिची धार सगळ्यात शेवटी काढतो, धारेनंतर सगळ्यांचे सड आयोडीनमध्ये बुडवतो, आणि वहीत गायवार चार सडांचे चार रकाने केलेत. तिच्या शेजारच्या दोघींचे रकाने अजून निगेटिव्ह आहेत.

पाचपैकी चार स्टार, एक त्या पत्रकासाठी कापला.