हेरिटेज रेल्वेला महिना ५ पौंड: सोडतीचा क्लब की सरळ देणगी?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, वाफेच्या इंजिनाचा नाद असलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. १९५१ साली वेल्समधली टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. त्यानंतर अशा कितीतरी जुन्या गाड्या बंद पडण्यापासून वाचल्या; त्यांनाच हेरिटेज रेल्वे म्हणतात. पण नुसत्या तिकिटांवर त्यांचं भागत नाही. साधारण दहा वर्षांनी बॉयलर सांगाड्यावरून उतरवायचा, नळ्या काढायच्या, सगळं तपासून पुन्हा बसवायचं. मोठ्या इंजिनाचा हा खर्च लाखो पौंडांच्या घरात जातो. म्हणून सभासदत्वाच्या अर्जाशेजारी बऱ्याचदा '१०० क्लब', '२०० क्लब' असा दुसरा अर्जही ठेवलेला असतो.

रीत सोपी. दरमहा ठरावीक रक्कम बँकेतून जाते, तुमच्या नावावर एक नंबर राहतो, ठरल्या दिवशी सोडत निघते. याला भिशी समजू नका. भिशीत आपली पाळी येतेच. इथे वर्षानुवर्षं नंबर लागला नाही तरी तक्रार करता येत नाही.

आता हिशेब. समजा २०० जण महिन्याला ५ पौंड देतात आणि निम्मी रक्कम बक्षिसांत जाते. तुमच्या वर्षाच्या ६० पौंडांतले ३० रेल्वेला मिळाले. तेच ६० सरळ देणगी म्हणून दिले आणि रेल्वेची संस्था नोंदणीकृत धर्मादाय असेल, तर 'गिफ्ट एड'मधून सरकार पौंडामागे २५ पेन्स घालतं. रेल्वेच्या हातात ७५ पडतात. सोडतीच्या पैशाला ही सवलत नाही. म्हणजे रेल्वेला ३० मिळावेत एवढीच इच्छा असेल तर २४ पौंडांची देणगी पुरते. अट एकच: सरकार जेवढी रक्कम घालतं, निदान तेवढा कर तुम्ही तिथे भरलेला हवा.

त्यामुळे करदात्याला मी डोळे झाकून देणगीच सांगेन. विद्यार्थी असाल, किंवा कर लागण्याइतकं उत्पन्न नसेल, तर तफावत कमी होते. तरी ६० विरुद्ध ३० हा फरक उरतोच. मग क्लबात जावं कुणी? ज्याच्या हातून एरवी देणगी निघतच नाही त्याने. बक्षीस करमुक्त असतं आणि निकालाची थोडी गंमतही असते. रेल्वेलाही दरमहा येणारा पैसा सोयीचा पडतो.

सभासदत्वाचं गणित वेगळं: प्रवासात सवलत, संस्थेच्या नियतकालिकाचे अंक, सभेत मत. वर्षातून दोन-तीनदा जाणार असाल तर आधी तेच घ्या.

क्लबात जायचंच असेल तर दोन गोष्टी विचारा. बक्षिसाची रक्कम ठरलेली आहे की जमेच्या प्रमाणात? ठरलेली असेल आणि निम्मे नंबर रिकामे असतील, तर कात्री रेल्वेच्या वाट्याला लागते. दुसरं, सोडत कुठल्या प्रकारची? फक्त सभासदांपुरत्या खासगी सोडतीला परवाना लागत नाही. बाहेरच्यांना तिकिटं विकणाऱ्या छोट्या सोडतीची स्थानिक कौन्सिलकडे नोंद लागते आणि जमेतला किमान २० टक्के वाटा संस्थेच्या कामाला द्यावा लागतो.

पुण्या-सोलापुरात बसून, जुन्या बार्शी लाइट रेल्वेसारखेच अडीच फुटी रूळ असलेल्या, वेल्समधल्या वेल्शपूलच्या गाडीसाठी नंबर घ्यावासा वाटला, तरी तो बेत सोडा. लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला 'फेमा'च्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांनी बंदी आहे.