चपलांच्या फोटोंचं ऑल्ट टेक्स्ट करून घेतलं, काम नादखुळा

आमचं चपलांचं दुकान कोल्हापुरात महाद्वार रोडला, वेबसाईट पण हाय, पण गुगलवर फोटो बघायला गेलं की आपला माल कुठंच दिसायचा नाही, म्हणून राजारामपुरीतल्या एका छोट्या टीमला फोटोंच्या ऑल्ट टेक्स्टचं काम दिलं. म्हणजे फोटोमागं कोडमध्ये लिहिलेली ओळ, गिऱ्हाइकाला एरवी दिसत नाही, पण फोटो कशाचा हे गुगल त्यावरनं आणि आजूबाजूच्या मजकुरावरनं ओळखतं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना फोन तीच ओळ वाचून दाखवतो.

आधीच्या वेबसाईटवाल्यानं सगळ्या फोटोंना "कोल्हापुरी चप्पल बेस्ट प्राईस ऑनलाईन कोल्हापूर चप्पल" हेच चिकटवलेलं. गुगलला असलं चालत नाही, आणि टॉकबॅक (अँड्रॉइड फोनमधी स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) लावून ऐकलं तर डोकं उठतं.

ही पोरं दुकानात येऊन बसली, आमच्या कारागीर मामांना एकेक जोड दाखवून विचारत गेली आणि मग लिहिलं, "पुरुषांची कापशी चप्पल, दोन्ही बाजूला कान, पट्ट्यावर चामड्याची वेणी, लाल गोंडा". अशी ओळ ऐकून आंधळा माणूस पण जोड निवडू शकतो राव! कोल्हापुरी चपलेला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) 2019 ला मिळालाय ते पण घाला म्हटलं तर नको म्हणाले, फोटोत दिसतंय तेवढंच इथं, जीआय खाली माहितीत. पटलं. पानावर नुसत्या शोभेला लावलेल्या नक्षीच्या पट्ट्यांच्या फोटोंना ऑल्ट मुद्दाम रिकामं सोडलं. होमपेजचा मोठा फोटो सीएसएस बॅकग्राउंडला, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये होता, तसला गुगल इंडेक्सच करत नाही, म्हणजे सर्चसाठी नोंदवतच नाही, म्हणून तो इमेज टॅगमध्ये, फोटोसाठीच्या साध्या कोडमध्ये घेतला, फाईलची नावं पण बदलली.

फरक लगेच नाही पडत. सर्च कॉन्सोलमध्ये (आपली साईट गुगलवर कुठल्या सर्चला दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल) सर्च टाइप इमेज लावून बघत राहिलो, हळूहळू "कापशी चप्पल", "गोंड्याची चप्पल" असल्या सर्चला आमचे फोटो यायला लागले, आता त्यात ऑल्टचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती हे वेगळं काढता येत नाही, पण विचारणा वाढलीय.

खटकलं एकच, मराठी पानांवर पण पहिल्यांदा इंग्रजीच ऑल्ट टाकलेलं, सांगून सांगून मराठी करून घेतलं. रेट थोडा जास्त हाय पण काम मन लावून करतात. गुजरीतल्या दागिनेवाल्यांनी तर नक्की करून घ्यावं, साज, ठुशी, पुतळ्यांची माळ सगळं नावानंच शोधतात लोक, फक्त मराठीचं आधीच ठरवून घ्या.