मिसप्रिंट खोक्यांच्या नावाखाली माझे १६,५०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

लिहायची लाज वाटतेय, पण गप्प बसले तर तो माणूस उद्या अजून कोणाला तरी गाठणार. साबणाची तीन रिकामी खोकी, "लाल रंग छापायचाच राहिलाय, रेअर पीस" म्हणून १४,७०० ला गळ्यात मारली आणि वर बायर तयार आहे, फक्त खोकी अस्सल असल्याचं सर्टिफिकेट लागेल म्हणून १,८०० वेगळे घेतले. पुढे काय झालं ते सांगायला नको. विकणाराच सर्टिफिकेटचे पैसे मागत असेल तर तिथेच ब्लॉक करा.

मला हावरट म्हणू नका, काड्यापेटीची लेबलं मी लहानपणापासून जमवतेय. त्याने १९१८ च्या अमेरिकन स्टॅम्पची गोष्ट सांगितली, विमान उलटं छापलेला, १०० चं एकच शीट लोकांच्या हातात पडलं. गोष्ट खरी आहे म्हणूनच पटली ना! पण स्टॅम्प मोजून छापतात, चुकलेले नष्ट करतात, निसटलेल्याची कॅटलॉगमधे नोंद होते. खोक्यांचं कोण मोजतंय? मशीन सेट करताना रंग सरकलेले कागद ढिगाने निघतात आणि रद्दीत जातात, तिथून कोणीही उचलावेत. म्हणून रेअर म्हणणाऱ्याला आधी विचारा, अशी किती बाहेर आहेत आणि हे तुला कोणी सांगितलं.

जीव जळतो तो एका फोटोमुळे. त्यात खोक्याची आतली चिकटवायची पट्टी उघडी दिसतेय, तिथे छपाईवाले रंग तपासायला छोटे ठिपके ठेवतात, निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा, काळा. मॅजेंटाचा ठिपका ठसठशीत! म्हणजे रंग छापलेला होता, बाहेरची बाजू उन्हात ठेवून उडवली, लाल ज्या मॅजेंटा आणि पिवळ्याने होतो तेच उन्हात आधी उडतात, पट्टी झाकलेली म्हणून वाचली. फोटो माझ्याच मोबाईलमधे होता हो. पण दर थोड्या वेळाने "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून मेसेज येत असताना पट्टी कोण बघत बसणार? तुम्ही मात्र पट्टीचा फोटो आधी मागा, नाही म्हणाला तर विषय संपला.

आणि तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. ज्या साइटवर जाहिरात होती ते म्हणतात खोकी मिळाली ना, मग व्यवहार पूर्ण. पोलीस ठाण्यात साहेब हसले, "रिकाम्या खोक्याचे एवढे पैसे दिलेत तुम्ही?" अहो, वस्तू कसली का असेना, खोटं सांगून पैसे घेतले ही फसवणूक नाही का? लाखाचा दागिना असता तर असंच हसला असतात? पट्टीवरचा ठिपका दाखवला तर बघितलासुद्धा नाही, म्हणे हे सिव्हिल मॅटर आहे, वकील बघा. १६,५०० साठी वकील! पोच मागितली तर उद्या या, उद्या गेले तर ते साहेब सुट्टीवर आणि दुसऱ्यांना काही माहीतच नाही. चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, माझे अर्धे मेसेज त्याने डिलीट केले. त्याची जाहिरात अजून तशीच आहे, या वेळी खोक्यांवर निळा रंग छापायचा राहिलाय म्हणे.