सल्लागार की सहसंशोधक?

फोंड्याची भाची अडली होती: वृद्धांच्या एकटेपणावरच्या प्रबंधासाठी ज्येष्ठांचा सल्लागार गट नेमू, की सहसंशोधक म्हणून त्यांनाच मुलाखती घ्यायला पाठवू? माणसांची वानवा नाही. 2011च्या जनगणनेत साठीपुढचे देशात 8.6 टक्के, गोव्यात 11.2.

खर्चात गट स्वस्त: महिन्याला एक बैठक, चहा-भजी, बसभाडं. मुलाखतींना प्रशिक्षण, मानधन, संमतीपत्राचा सराव लागतो.

पण हाती काय येतं? भाचीनं 'एकटं वाटतं का?' विचारलं, सगळ्या आज्या 'नाही' म्हणाल्या. सत्तरीच्या शेजारीणबाईंनी सोप्यावर बसून विचारलं, "दुपारी जेवता कोणाबरोबर?" समोरची तासभर बोलली. ओळखीत गुपित फुटायची भीती असतेच. म्हणून दुसऱ्या वाड्यावर पाठवायचं.

मुदत सहा महिन्यांची असेल तर गट. वर्ष-दोन वर्षं असतील तर सहसंशोधक, आणि निष्कर्ष काढतानाही त्यांना बसवा.