‘शुद्ध निळ्या’ कोंबड्यांच्या व्यवहारात माझी झालेली फसवणूक

2023 च्या नोव्हेंबरात मी निळ्या रंगाच्या कोचीन बँटम ह्या बुटक्या, पायांवर पिसे असलेल्या जातीचा एक कोंबडा आणि तीन तलंगा (तरुण कोंबड्या) 14,000 रुपयांना विकत घेतल्या. विक्रेता दक्षिण गोव्यातला, शोभेच्या कोंबड्यांच्या व्यवहारात बऱ्यापैकी नाव असलेला. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या हाती कागद नाही. तो का नाही, हे पुढे येईलच. पिसांच्या रंगासाठी कोंबड्यांची पैदास करू इच्छिणाऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

कोंबड्यांच्या बाबतीत निळा म्हणजे आकाशाचा निळा नव्हे. दगडी पाटीवर ओला फडका फिरवल्यावर ती वाळता वाळता जो राखी-निळसर रंग दिसतो, त्याच्या जवळचा हा रंग आहे. मानेवर तो गडद असतो आणि छातीच्या पिसांना काळसर कड असते. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, पोफळींच्या सावलीत ती चार पाखरे सोडली, तेव्हा पैसे सार्थकी लागले असेच मला वाटले. “सर, ही शुद्ध निळ्या वंशाची आहेत, ह्यांच्या पोटी दुसऱ्या रंगाचे एकही पिलू निघायचे नाही,” असे विक्रेत्याने मला दोनदा सांगितले होते आणि पुरावा म्हणून त्याच जोडीची चार निळी पिले दाखवली होती. पावती मागितली तेव्हा, “आपल्यात कागद कशाला?” म्हणून त्याने विषय टाळला, आणि शुद्ध वंशाची गोष्ट तो नेहमी समोरासमोर किंवा फोनवर बोलला; संदेशात त्याने ती एकदाही लिहिली नाही.

मार्चमध्ये मी 40 अंडी उबवणी यंत्रात ठेवली. एकविसाव्या दिवशी सकाळी झाकण उघडले आणि ओली पिले वाळू लागली, तसे माझे मन खट्टू होत गेले. एकूण 31 पिले निघाली. त्यांपैकी 15 राखी-निळी होती, 9 चक्क काळी आणि पोटाखाली पिवळट पांढरी होती, तर 7 मळक्या पांढऱ्या रंगाची होती. महिन्याभरात त्या सातांच्या अंगावर पांढऱ्या पिसांमधून निळसर आणि काळे शिंतोडे उमटले. ह्या रंगाला पाळणारे लोक स्प्लॅश म्हणतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

विक्रेत्याला विचारले, तर पहिल्यांदा त्याने यंत्राचे तापमान चुकल्याचे सांगितले. मी 37.5 अंशांची नोंद रोज ठेवली होती, ती दाखवल्यावर त्याने शेजारच्या गावठी कोंबड्यावर ठपका ठेवला. शेवटी मोठेपणा दाखवत तो म्हणाला, “पांढरी पिले सदोष आहेत, सर, ती वाढवून खाद्य वाया घालवू नका. माझी जबाबदारी म्हणून मी ती 100 रुपयांना एक ह्या दराने परत घेतो.” मला ते सौजन्य वाटले. एप्रिलमध्ये तो स्वतः आला, सातही पिले पेटीत घालून घेऊन गेला, आणि मी त्याचे आभार मानले. काळ्या पिलांविषयी मात्र त्याने चकार शब्द काढला नाही.

सप्टेंबरात चतुर्थीला माझी भाची घरी आली. ती प्राणिशास्त्र शिकते. खुराड्यातले निळे आणि काळे पक्षी पाहून तिने पहिलाच प्रश्न केला, “मामा, पांढरी कुठे आहेत?” मी सगळी हकिकत सांगितली, तेव्हा तिने दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार घरांचा चौकोन काढला. निळा रंग हा स्वतंत्र रंग नसून काळ्या रंगाला फिके करणाऱ्या एका जनुकाचा परिणाम आहे. प्रत्येक पाखराला ह्या जनुकाची एक जागा बापाकडून आणि एक आईकडून मिळते. दोन्ही जागा रिकाम्या असल्या तर पाखरू काळे राहते, एकाच जागी ते जनुक आले तर निळे होते आणि दोन्ही जागी आले तर स्प्लॅश. म्हणजे निळे पाखरू हे नेहमीच अर्धे काळ्याचे आणि अर्धे स्प्लॅशचे असते. दोन निळ्यांची जोडी लावली, तर सरासरीने चौथा हिस्सा पिले काळी, अर्धी निळी आणि चौथा हिस्सा स्प्लॅश निघतात. माझ्या 9, 15 आणि 7 ह्या आकड्यांत यंत्राचा काहीच दोष नव्हता. ते यायला हवे तसेच आले होते. केंब्रिजच्या विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी अँडलुशियन जातीच्या निळ्या कोंबड्यांवरून विसाव्या शतकाच्या आरंभीच हे उलगडले होते, आणि भाचीने काढलेला चौकोनही त्याच पनेट यांच्या नावाने ओळखला जातो. इतकी जुनी गोष्ट मला माहीत नव्हती, आणि माझ्या त्याच अज्ञानाचे त्या माणसाने 14,000 रुपये घेतले.

गावठी कोंबड्याचा आरोप तर उघडच खोटा होता. नराचे बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकते, त्यामुळे नव्याने आणलेल्या कोंबडीच्या पहिल्या अंड्यांबद्दल शंका घेणे रास्तच आहे. परंतु स्प्लॅश पिलाला फिके करणारे जनुक आई आणि बाप दोघांकडूनही मिळावे लागते. आमच्या शेजाऱ्याच्या तांबड्या गावठी कोंबड्याकडे ते कुठून येणार? शिवाय सगळ्या पिलांच्या पायांवर कोचीनची भरगच्च पिसे होती. विक्रेत्याने दाखवलेल्या चार निळ्या पिलांचा उलगडाही सोपा आहे: निळ्या जोडीची चारही पिले निळी निघण्याचा योग सोळांत एकदा येतो, पण त्याच वेळी निघालेली बाकीची पिले बाजूला ठेवली तर तो रोज जुळवून आणता येतो. म्हणून विक्रेत्याकडे एका वेळी निघालेली सगळी पिले पाहण्याचा आग्रह धरा, आणि आई-बाप दोघेही पाहा.

ह्यातली सर्वांत बोचरी गोष्ट भाचीने शेवटी सांगितली. ज्याला सगळी पिले निळी हवी आहेत, त्याने निळ्याला निळे लावायचेच नसते. स्प्लॅश आणि काळे अशी जोडी लावली की शंभर टक्के पिले निळी निघतात. माझ्या घरी 9 काळी पिले होती आणि 7 स्प्लॅश होती. मला जे हवे होते ते सगळे माझ्याच अंगणात आले होते, आणि त्यातला अर्धा भाग मी 700 रुपयांना परत दिला होता. तेव्हा स्वतः विकलेल्या जोडीची पिले कोणी सदोष म्हणून परत मागू लागला, तर ती देऊ नका.

निळसर राखी रंगाची आणखी एक छटा बाजारात दिसते, ती लॅव्हेंडर. तिचे जनुक वेगळे आहे; ते आई-बाप दोघांकडून आले तरच रंग दिसतो, म्हणून लॅव्हेंडरच्या जोडीची सगळी पिले खरोखरच लॅव्हेंडर निघतात. तिचा रंग अंगभर एकसारखा फिका असतो आणि पिसांना गडद कड नसते. कड असलेले निळे पाखरू दाखवून कोणी ‘शुद्ध वंश’ म्हणत असेल, तर त्याला अज्ञान तरी आहे किंवा तो खोटे तरी बोलत आहे. व्यवहारापूर्वी रंगाची हमी संदेशात लिहून घ्या आणि पावती घ्या. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ह्या क्रमांकावर तक्रार करायची म्हटले, तरी सांगण्यासारखे हाती काही असावे लागते. माझ्याजवळ फक्त पैसे पाठवल्याची नोंद आहे.

डिसेंबरमध्ये फोंडा तालुक्यातल्या एका स्नेह्याने नवी पाखरे पाहायला बोलावले. त्याने त्याच विक्रेत्याकडून एक स्प्लॅश कोंबडा आणि दोन काळ्या तलंगा, ‘सगळी पिले निळी’ ह्या हमीवर 12,000 रुपयांना घेतल्या होत्या. माझ्याकडे पिले निघाली की पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाच्या डाव्या पायाच्या आतल्या दोन बोटांमधल्या पडद्याला खुणेचे बारीक छिद्र पाडतो. कोचीनच्या पायांवर पिसे वाढली की ते झाकले जाते. मी तो कोंबडा उचलून मांडीवर घेतला, डाव्या पायावरची पिसे बोटांनी बाजूला सारली आणि पडदा उजेडाकडे धरला. छिद्र तिथे होते.