मिलिटरीचा चार्जर दुरुस्तीला दिला, खोकं तेवढं परत आलं

सरळ सांगतो. आमच्या आप्पांचा जुना मिलिटरीचा बॅटरी चार्जर साताऱ्यात एकाकडे दुरुस्तीला टाकला होता. त्याने आतला तांब्याचा अख्खा ट्रान्सफॉर्मर काढून घेतला, त्या जागी एलईडी पट्ट्यांना लावतात तो एसएमपीएस (लाईटचे कमी व्होल्ट करून देणारा हलका डबा) बसवला, वजन कमी लागू नये म्हणून जीपच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्याचे तुकडे एम-सीलने चिकटवले आणि वरनं दुरुस्तीचे म्हणून ६,३०० रुपये घेतले. दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे, आणि नाव टाकलं तर तो उद्या दुसऱ्या नावाने बोर्ड लावणार, त्यापेक्षा पद्धत कळलेली बरी.

आपल्या जिल्ह्यात घरटी फौजी, अपशिंग्याच्या तर नावापुढेच मिलिटरी लागलंय, त्यामुळे बऱ्याच घरात माळ्यावर हिरव्या रंगाचं काहीतरी पडलेलं असतंच, ट्रंक, जेरीकॅन, फील्ड टेलिफोन, काय काय. आता जुन्या वस्तूंची हौस वाढलीय तसे त्या दुरुस्त करून देतो म्हणणारेही वाढलेत. काही खरंच कसबी आहेत, हे त्यांच्याबद्दल नाही.

आप्पा म्हणजे माझे चुलते, सिग्नल्समधनं हवालदार म्हणून रिटायर झाले, ट्रेनिंग जबलपूरचं. रिटायर झाल्यावर मिलिटरीच्या जुन्या मालाच्या (डिस्पोजलच्या) लिलावात त्यांनी हा चार्जर घेतला, प्लेटवर १९४४ साल आणि इंग्रज सरकारच्या मालावर असायचा तो बाणाचा शिक्का. वायरलेस सेटच्या बॅटऱ्या चार्ज करायला बनवलेला. त्या काळी रणगाड्यात जे १९ नंबरचे सेट असायचे ते १२ व्होल्टवर चालायचे, म्हणजे बॅटरी उतरली की सेट मुका. आप्पांनी मात्र कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्याच्यावर बॅटरी चार्जिंगचा धंदा केला. ट्रॅक्टर यायचे, जीप यायच्या, ६ व्होल्टची राजदूत आणि जुनी बुलेट यायची, आणि जत्रांच्या सीझनला स्पीकरवाले, कारण लाईटचा भरवसा नव्हता आणि ॲम्प्लिफायर बॅटरीवरच चालवायला लागायचा. पुढच्या बाजूला ६, १२, २४ व्होल्टचा फिरवायचा स्विच, मोठा अँमीटर, आणि चालू केला की खोली भरून घुंई असा आवाज.

माझा एक मित्र हॅम लायसनवाला, म्हणजे हौशी वायरलेसवाला आहे, त्याच्याकडे जुना सेट आहे, त्याला त्या काळच्याच चार्जरवर बॅटरी भरून रिसिव्हर चालवून बघायचा होता म्हणून हा माळ्यावरनं खाली काढला. चालू झाला, घुंई पण झालं, पण काटा जेमतेम १ अँपिअरवर, पूर्वी ६-७ वर जायचा. बॅटरी रात्रभर लावली तरी ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता, बॅटरी किती भरली ते त्यावरनं कळतं) हलेना.

आता यात काय बिघडतं ते सांगतो कारण फसवणूक सगळी इथेच आहे. त्या काळच्या चार्जरमध्ये आत्तासारखे सिलिकॉनचे डायोड नसायचे, सिलेनियमचा रेक्टिफायर असायचा, म्हणजे लाईटचा एसी करंट बॅटरीला लागणारा डीसी करणारा भाग. चौकोनी पत्र्यांची एक माळ, मधनं बोल्ट घातलेला. एक पत्रा साधारण २० ते २५ व्होल्टच उलटा दाब सहन करतो म्हणून व्होल्टेज जास्त असेल तर पत्रे एकापुढे एक जोडतात. नवा असताना प्रत्येक पत्र्यात व्होल्टभर खर्च होतो, आणि वय झालं की त्याचा अडथळा वाढत जातो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठणठणीत असला तरी बॅटरीपर्यंत पोचेस्तोवर जोर उरत नाही. आमच्यात तेवढंच झालं होतं. (कधी हा सिलेनियम जळाला तर कुजलेल्या लसणासारखा घाण वास सुटतो, तो धूर विषारी असतो, स्विच बंद करा आणि खिडक्या उघडून बाहेर पळा, वास कशाचाय ते हुंगत बसू नका.)

तर हा दुरुस्तीवाला. एका ओळखीच्याने सांगितलं की जुने रेडिओ, व्हॉल्व्हवाले ॲम्प्लिफायर वगैरे करतो. दुकानात भिंतीवर जुने रेडिओ लावलेले, बोलायला एकदम गोड. चार्जर बघून म्हणाला, "साहेब, असा माल आता बघायला मिळत नाही, ठेवून जावा, उघडून सांगतो." समोर उघड म्हटलं तर गिऱ्हाईक खोळंबलंय. मग फोन आला की सिलेनियम गेलाय, दिल्लीला लाजपतराय मार्केटमध्ये एकाकडे ओरिजनल आहे, निम्मे आधी टाका. व्हॉट्सॲपवर फोटो पण पाठवला, मस्त लाल-राखाडी पत्र्यांची माळ. पैसे टाकले. मग पार्सल रस्त्यात फुटलं, दुसरं मागवायचं म्हणून आणखी १,८००. तो फोटो नंतर गूगल लेन्सवर टाकला तर परदेशातल्या एका विक्रीच्या जाहिरातीतला निघाला, जसाच्या तसा, मागच्या टेबलावरच्या ओरखड्यासकट.

चार्जर परत आला तेव्हा बाहेरनं चकाचक, पुसून, रंगाला पॉलिश मारून. एका स्क्रूवर कागदी स्टिकर, 'उघडल्यास गॅरंटी नाही'. वजन हातात जड लागलं. चालू करून दाखवला, काटा झटकन ६ वर. मी म्हटलं आवाज येत नाही, तर म्हणतो, "सायलेंट केलाय साहेब." लक्षात ठेवा, ट्रान्सफॉर्मर सायलेंट करता येत नाही. आतल्या लोखंडी पट्ट्या आपल्या ५० सायकलच्या लाईटवर सेकंदाला १०० वेळा थरथरतात, त्याचा तो घुंई आवाज, बांधणी घट्ट असली तर कमी येतो पण कान लावला तर येतोच. आवाज अजिबातच नसेल तर आत ट्रान्सफॉर्मरच नाही.

घरी आणून मित्राच्या बुलेटची ६ व्होल्टची बॅटरी लावली, स्विच ६ वर. थोड्या वेळात आतनं टिक टिक टिक असा आवाज, बॅटरी हाताला चटका बसेल इतकी गरम आणि झाकणांतनं ॲसिड उकळून वर. काढली. बॅटरी काढल्यावर बघतो तर काटा अजून ६ वरच! काही लावलेलं नाही, करंट जाणार कुठे, आणि मीटर ६ अँपिअर दाखवतोय. मल्टिमीटर लावला तर स्विच ६ वर ठेवा, १२ वर ठेवा, २४ वर ठेवा, बाहेर १३.८ व्होल्टच. वर बॉडीला टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतोय.

मग ते स्टिकर फाडलं. स्क्रूवरनंच कळलं असतं खरं तर, जुने सगळे सरळ खाचेचे होते आणि त्यात चार नवे चकचकीत प्लस खाचेचे. आतमध्ये कोपऱ्यात जाळीच्या डब्याचा एसएमपीएस, १२ व्होल्ट १० अँपिअर, बाजारात सात-आठशेला मिळतो. टिक टिक त्याची होती, लोड जास्त झाला की तो स्वतःला बंद करून परत चालू करतो, पुन्हा बंद, पुन्हा चालू. त्याची अर्थिंगची वायर लावलेलीच नाही म्हणून बॉडीला टेस्टर पेटत होता, लहान पोराने ओल्या हाताने धरलं असतं तर मुंग्या आल्या असत्या आणि एसएमपीएस आतनं फुटला असता तर त्याहून वाईट. अँमीटरला एक रेझिस्टन्स लावून काटा कायमचा ६ वर बसवलेला. स्विचच्या वायरी कुठेच जोडलेल्या नाहीत. आणि तो 'दिल्लीचा सिलेनियम' म्हणजे आमचाच जुना, वर ताजा लाल रंग मारून शोभेला ठेवलेला, एकही वायर नाही त्याला.

ट्रान्सफॉर्मर गायब.

बऱ्याच जणांना वाटेल लोखंडाच्या जुन्या ठोकळ्यात काय ठेवलंय. तांबं ठेवलंय. इकडे उसाच्या पट्ट्यात मोटार जळाली की शेतकरी ती बांधायला टाकतो, आणि कुठलाही जुना शेतकरी सांगेल की जुनी तार समोर काढायची, काट्यावर टाकायची, तिचे पैसे बिलातनं वजा करायचे आणि नवी तार भरताना तांब्याचीच आहे का ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे ते चाकूने खरवडून बघायचं. भंगारात तांब्याला किलोला सातशे-आठशे आरामात मिळतात. आप्पा स्वतः हे सगळ्या गावाला सांगायचे. पण मोटार बांधणाऱ्या वायंडिंगवाल्याकडे जो माणूस पहारा देत बसतो तोच जुन्या रेडिओवाल्याकडे गेला की 'कलाकार माणूस आहे' म्हणून सगळं सोडून येतो, आणि अशा दुकानदारांना हे चांगलं माहीत असतं.

त्याच्याकडे परत गेलो, आप्पांचा मुलगा बरोबर होता. आधी म्हणाला, तुमचा ट्रान्सफॉर्मर जळालेला होता, टाकून दिला. जळालेला होता तर मी दिला तेव्हा घुंई करून १ अँपिअर कसा देत होता ते सांग म्हटलं. मग सूर बदलला, "हा मिलिटरीचा माल आहे, कागद आहेत का? पोलिसात गेलात तर तुम्हीच अडकाल." ह्या वाक्याला बरेच जण घाबरून गप बसत असणार म्हणून नीट सांगतो. लायसन लागतं ते वायरलेस सेटला, १९३३ च्या कायद्यापासनं ते चालत आलंय. बॅटरी चार्जर हा वायरलेस सेट नाही, तो फक्त चार्जर आहे, त्याचा रंग हिरवा असला म्हणून काही होत नाही. आणि आमच्याकडे लिलावाची पावती पण होती, आप्पांनी प्लास्टिकमध्ये घालून ट्रंकेत ठेवलेली, फौजी माणूस कागद टाकत नाही. पावतीचा फोटो दाखवल्यावर त्याने २,००० परत दिले आणि बाकी नंतर देतो म्हणाला, ते नंतर अजून आलेलं नाही.

चौकीत हवालदारांनी नीट ऐकून घेतलं. सगळ्यांच्या तोंडात ४२० असतं पण १ जुलै २०२४ पासनं भारतीय न्याय संहिता आली आणि कलमं बदललीत, फसवणुकीला आता ३१८ आणि विश्वासाने दिलेली वस्तू परस्पर लाटली तर ३१६. आमचं दोन्हीत बसतं असं त्यांचं म्हणणं, अर्ज दिलाय. काही जणांनी सांगितलं १९३० ला फोन कर, पण तो सायबर फसवणुकीचा नंबर आहे, इथे पैसे मोबाईलवरनं गेले असले तरी माणूस दुकानात समोर बसलेला आहे. दुरुस्तीच्या कामाला ग्राहक हेल्पलाईन १९१५ आणि जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन दुरुस्ती करून घेतली म्हणजे तुम्ही ग्राहक, ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. पक्कं बिल त्याने दिलंच नव्हतं, पण यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं आहे, त्यातला तो दिल्लीच्या सिलेनियमचा फोटो तर सगळ्यात कामाचा. असलं काहीही डिलीट करू नका.

आता तुम्ही काय करायचं. देण्याआधी स्वतः उघडून आतले फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, आणि ट्रान्सफॉर्मर, मीटर, मोठे कंडेन्सर यांच्यावर परमनंट मार्करने खूण करा. आख्खी वस्तू काट्यावर टाकून वजन लिहून ठेवा, पण नुसत्या वजनावर जाऊ नका, लोखंडाचा पाटा काय करतो ते वर सांगितलंच. जुना पार्ट परत पाहिजे हे देतानाच चिठ्ठीवर लिहून घ्या, खरा मिस्त्री याला कधीच नाही म्हणत नाही. परत घेताना बॅटरी न लावता काटा शून्यावर आहे का बघा, स्विच फिरवून प्रत्येक व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा, आणि झाकण उघडून दाखव म्हणा. सील आहे, गॅरंटी जाईल म्हणाला तर उरलेले पैसे देऊ नका. ८० वर्षांच्या चार्जरला कसली गॅरंटी आणि कसलं सील.

आणि खरी दुरुस्ती काय होती माहितीये का. कराडचे एक रिटायर आयटीआयचे सर आहेत, त्यांनी आतले फोटो बघून दोन मिनिटात सांगितलं. सिलेनियम जागेवर तसाच दिसायला ठेवायचा, त्याच्या वायरी सोडवायच्या आणि आडोशाला हीटसिंकवर ३५ अँपिअरचा सिलिकॉन ब्रिज (चार डायोडांचा तयार ठोकळा) लावायचा, दीड-दोनशे रुपयाची वस्तू. फक्त सिलिकॉनमध्ये म्हाताऱ्या सिलेनियमपेक्षा व्होल्टेज खूप कमी खर्च होतं म्हणून बॅटरीला जोर जास्त लागतो, तो आवरायला सिरीजमध्ये एक वायरवाउंड रेझिस्टन्स घालायचा आणि लाईनला फ्यूज, १२ व्होल्टची बॅटरी भरत आली की १४.४ च्या वर जाता कामा नये. सगळं मिळून पाचशेच्या आत. ट्रान्सफॉर्मर असता तर.

तो भंगारात वितळला नसेल अशी अजून आशा आहे, कारण असा जुना माल कधीकधी आख्खाच पुढे विकला जातो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाणारे, इकडे सातारा-कराड-सांगलीत भंगाराचा धंदा करणारे, कोणाच्या नजरेला पडला तर खूण सांगतो. वर काळी बॅकेलाइटची पट्टी, त्यावर २०० पासनं २५० व्होल्टपर्यंतचे पितळी टर्मिनल, वायरींवर पिवळसर कापडी नळ्या, आणि लोखंडाच्या पट्ट्यांवर एका बाजूला लाल रंगाने मराठीत 'आ. को.' लिहिलंय, आप्पांच्या हातचं. दिसला तर विकणाऱ्याला काही न बोलता फोटो काढा आणि मला कळवा, योग्य ते पैसे देऊन परत घ्यायची तयारी आहे.